भूमी आणि नभ यांच्या अभ्यासकांचा योगक्षेम

ज्या घरातील मुलगा वैद्यकाच्या किंवा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी बाहेर पडतो, त्या घराला त्याच्यासाठी कर्ज काढताना फारसा संकोच वाटत नाही. कारण पाच-सहा वर्षांनी हे कर्ज फिटेल, अशी खात्री घराला, आप्तांना आणि बँकेच्या अधिकाऱ्यालाही असते. परंतु जो मुलगा किंवा जी मुलगी, भूकंपाच्या लहरी खडकांतून कशा प्रवास करतात, ऐन श्रावणात मोसमी पावसाला खंड का पडतो, किंवा दूरच्या आकाशगंगेतून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरींवरून तिच्या अंतरंगाचा ठाव कसा घ्यावा, अशा प्रश्नांच्या मागे आयुष्यातील उमेदीची वर्षे घालवू इच्छिते, तिच्या विद्येचा भाव बाजारात ठरलेला नसतो आणि त्या विद्येला तारण मानून रक्कम देणारा सावकारही सहसा भेटत नाही. म्हणून भूविज्ञान, हवामानशास्त्र, सागरविज्ञान आणि खगोलविज्ञान या विद्यांच्या बाबतीत शिष्यवृत्तीला जे महत्त्व येते, ते इतर विषयांतल्यापेक्षा निराळे आहे. गरीब विद्यार्थ्याला हातभार लावणे हे तर तिचे काम आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, या विद्या देशात रुजतील की नाही, आणि रुजल्या तर त्यांची कोणती शाखा फोफावेल, हे पुष्कळ वेळा शिष्यवृत्ती निर्माण करणाऱ्याच्या लेखणीने ठरत आले आहे.

याचा एक ठळक दाखला पुण्याच्या हवामान खात्याच्या इतिहासात आहे. १९१८ मध्ये त्रावणकोर संस्थानातील पीरमेडे येथे जन्मलेल्या अ‍ॅना मणी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि शिष्यवृत्तीच्या आधारानेच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. तेथे त्यांनी हिरे आणि माणके यांच्या प्रकाशपटांवर अहोरात्र काम करून पाच शोधनिबंध स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले, परंतु एम.एस्सी.ची पदवी नाही एवढ्याच कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. पुढे १९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाण्याची संधी आली, तेव्हा त्यांच्या मनात पदार्थविज्ञानातच पुढे संशोधन करावे असे होते. परंतु जी शिष्यवृत्ती उपलब्ध होती, ती हवामानशास्त्रातील उपकरणांच्या अभ्यासाची होती. त्यांनी ती पत्करली, लंडनमध्ये त्या उपकरणांचा कसून अभ्यास केला, आणि १९४८ मध्ये परत येऊन, जुने पुणेकर ज्या कचेरीला ‘शिमला ऑफिस’ म्हणतात त्या शिवाजीनगरच्या कचेरीत, हवामान खात्याच्या उपकरण विभागात त्या रुजू झाल्या.

त्या काळी हवामानाची साधी साधी उपकरणेही परदेशातून मागवावी लागत. अ‍ॅना मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात तयार होतील अशी व्यवस्था लावली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सूर्याचे प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे भारतभर उभे केले. वातावरणातील ओझोन मोजणारे उपकरण देशात घडविण्याच्या कामात पुढाकार घेतला. आणि निवृत्तीनंतर, १९८० व १९८१ मध्ये, भारतावरील सौर प्रारणाची जी दोन संदर्भपुस्तके सिद्ध केली, त्यांचा उपयोग सौरऊर्जेच्या क्षेत्रातील अभियंत्यांना पुढे वर्षानुवर्षे होत राहिला. कोणत्या तरी सरकारी कचेरीत त्या वर्षीच्या शिष्यवृत्तींच्या यादीत हवामानाच्या उपकरणांसाठी एक जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला होता, आणि त्या निर्णयाने हिऱ्यांच्या प्रकाशपटांत रमलेल्या एका बुद्धिमान स्त्रीला पाऊस, वारा आणि ऊन यांच्या मोजमापाकडे वळविले. ही घटना मला फार विचार करण्याजोगी वाटते. शिष्यवृत्तीची तरतूद करणाऱ्या अधिकाऱ्याने आपण केवळ रकमेचा आकडा भरीत आहोत असे समजू नये. देशाच्या विद्येचा पुढचा नकाशा त्याच्या हातून काढला जात असतो.

दुसरा दाखला आपल्या आणखी जवळचा आहे, कारण त्याचा मार्ग कल्याणवरून जातो. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक सर के. एस. कृष्णन ऑस्ट्रेलियात भरलेल्या एका वैज्ञानिक परिषदेहून परतले, ते तेथील रेडिओखगोलशास्त्राने भारावूनच. आकाशातील ज्योतींकडून येणाऱ्या रेडिओलहरी पकडून त्यांचा अभ्यास करण्याचे हे शास्त्र दुसऱ्या महायुद्धानंतर नुकतेच बाळसे धरीत होते, आणि त्यात सिडनीच्या शास्त्रज्ञांचा हात धरणारे जगात थोडे होते. कृष्णन यांनी आपल्या प्रयोगशाळेतील गोविंद स्वरूप या तरुणाला पुढे केले, आणि १९५३ मध्ये कोलंबो योजनेखालील दोन वर्षांच्या फेलोशिपवर स्वरूप सिडनीला पोहोचले. ही योजना राष्ट्रकुलातील देशांनी दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या विकासासाठी आखलेली होती. तिच्यात रस्ते, धरणे, शेती यांच्याबरोबर तरुणांच्या तांत्रिक प्रशिक्षणाचीही तजवीज होती, आणि आकाश न्याहाळण्याच्या शास्त्रालाही तिच्यातून वाट मिळाली.

सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याचा वेध घेण्यासाठी सहा फूट व्यासाच्या बत्तीस लहान तबकड्यांची रांग उभारलेली होती. नवी, अधिक मोठी यंत्रणा उभी राहणार असल्यामुळे या तबकड्या निकामी ठरणार, असे स्वरूप यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी, त्या भारताला देता येतील काय, अशी विचारणा केली. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी ती उदारपणे मान्य केली. वाहतुकीचा खर्च कोणी सोसावा या प्रश्नावर मध्ये बराच काळ गेला, आणि स्वरूप स्वतः त्या अवधीत अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे डॉक्टरेटसाठी गेले. परंतु होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते परतले, तेव्हा त्याच तबकड्या कल्याणजवळ उभ्या करण्यात आल्या आणि १९६५ मध्ये तेथून सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. भारतातील रेडिओखगोलशास्त्राच्या पहिल्या पिढीने आपले हात या कल्याणच्या दुर्बिणीवर बसविले. त्यातून १९७० मध्ये नीलगिरीच्या उतारावर उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली, आणि त्यानंतर जुन्नर तालुक्यातील खोडदच्या माळावर, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही महादुर्बीण. नारायणगावकडे जाताना आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या तबकड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या साऱ्या वैभवाच्या मुळाशी दोन वर्षांची एक फेलोशिप होती, हे सहसा सांगितले जात नाही. म्हणून ते येथे मुद्दाम विस्ताराने सांगितले.

खासगी दातृत्वाची परंपराही या बाबतीत मागे नाही. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला, त्याचा लाभ प्रारंभी पारशी विद्यार्थ्यांपुरता होता, परंतु दोनच वर्षांत तो सर्व भारतीयांना खुला झाला. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. या निधीची विशेष पद्धत अशी की, तो विद्यार्थ्याला रक्कम दान म्हणून देत नाही. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती असते आणि शिक्षण पुरे झाल्यावर परत करावयाची असते, म्हणजे एकाने परत केलेल्या पैशावर दुसरा शिकतो. स्वाभिमानी विद्यार्थ्याला ही पद्धत अधिक मानवते, असे मला वाटते. मात्र ज्याच्या घरी परत करण्याची ऐपत येण्याची शाश्वती नाही, त्याला या मार्गाची धास्ती वाटणेही साहजिक आहे.

कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर १९२८ मध्ये मुंबईच्या विज्ञान संस्थेतून पदवीधर झाले आणि टाटा शिष्यवृत्ती व कोल्हापूर संस्थानचे साहाय्य यांच्या बळावर केंब्रिजला गेले. तेथे १९३० मध्ये ते रँग्लर झाले, खगोलशास्त्रातील गुणवत्तेसाठी दिले जाणारे टायसन पदक त्यांना मिळाले, आणि पुढील संशोधनासाठी आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती मिळाली. ही विद्यार्थिवृत्ती फ्रँक मॅक्लीन या अभियंता-खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजला दिलेल्या देणगीतून, केवळ खगोलशास्त्र आणि प्रकाशविज्ञान यांच्या अभ्यासासाठी, निर्माण झालेली आहे. जेम्स जीन्ससारखा ज्योतिर्विद तिच्याच आधाराने पुढे आला. दात्याने विषय नेमका ठरवून दिला आणि व्यक्तीची निवड विद्यापीठावर सोपविली, त्यामुळे ती देणगी आजवर फळे देत राहिली. एका पिढीनंतर विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर बनारसहून १९५७ मध्ये पदवी घेऊन त्याच केंब्रिजला गेले, तेही टाटा शिष्यवृत्तीवर. १९६० मध्ये तेच टायसन पदक त्यांच्याही वाट्याला आले, फ्रेड हॉएल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वरचनाशास्त्रात नाव मिळविले, आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था स्थापन झाली तेव्हा तिची धुरा त्यांनी वाहिली. त्या संस्थेत आज जी मुले संशोधन करतात, त्यांना मिळणाऱ्या वृत्तीची वंशावळ शोधू लागलो, तर ती टाटांच्या त्या निधीपर्यंत जाऊन पोहोचते.

मुंबईच्या बंदरातून ३१ जुलै १९३० रोजी ज्या आगबोटीने एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर विलायतेला निघाला, तिच्यावरील त्याची जागाही सरकारी शिष्यवृत्तीनेच आरक्षित केली होती. त्या प्रवासात त्याने श्वेतबटू ताऱ्यांच्या वस्तुमानाला एक वरची मर्यादा असली पाहिजे असे गणिताने काढले. सूर्याच्या सुमारे १.४ पट असलेली ती मर्यादा आज त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि १९८३ च्या नोबेल पारितोषिकाच्या वेळी जग त्या मर्यादेचे स्मरण करीत होते.

आता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगीतून आणि सरकारच्या मदतीतून, १८८८ च्या सुमारास एक वेधशाळा उभी राहिली. तिच्यातील वीस इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती, आणि प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिच्या साहाय्याने मौलिक वेध घेतले. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी जेऊर येथे त्यांनी नेलेले पथक तर फार गाजले. परंतु १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. इमारतीला देणगी मिळाली होती, दुर्बिणीला मिळाली होती. दुर्बिणीमागे बसणाऱ्या पुढच्या माणसाच्या पोटाची तजवीज मात्र कोणाला सुचलेली दिसत नाही. पुण्यात खगोलशास्त्र पुन्हा तितक्याच जोमाने उभे राहण्यास पुढे कितीतरी दशके जावी लागली. दात्यांना वास्तूवर आपले नाव कोरलेले पाहण्याची हौस असते आणि ती स्वाभाविकही आहे. परंतु दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना पुरेल असे वर्षासन कायम करून ठेवणारा दाता शास्त्राची अधिक मोठी सेवा करतो, असे या हकिकतीवरून माझे ठाम मत झाले आहे.

आजच्या विद्यार्थ्याची स्थिती त्या काळाहून पुष्कळ बरी आहे, आणि तिची माहिती प्रत्येक घरी असली पाहिजे. बारावीनंतरच्या टप्प्यावर केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ ही योजना सर्वांत व्यापक आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत, आपल्या परीक्षा मंडळात सर्वोच्च एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. त्यांपैकी ६०,००० रुपये रोख आणि २०,००० रुपये उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या संशोधकाच्या हाताखाली प्रकल्प करण्यासाठी, असा तिचा विभाग आहे. वैद्यक आणि अभियांत्रिकी यांना तीत जागा नाही. उलट तिच्या मान्य विषयांच्या यादीत भूविज्ञान, भूभौतिकी, भूरसायन, वातावरणविज्ञान, सागरविज्ञान, खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी हे सारे विषय नावानिशी घातलेले आहेत. पूर्वीची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेली केव्हीपीवाय, तीही २०२२ पासून याच योजनेत विलीन झाली. अडचण आहे ती निराळीच: भूविज्ञान पदवीला शिकविणारी महाविद्यालये थोडी. मुंबईचे सेंट झेवियर्स, पुण्याचे फर्ग्युसन अशी नावे सांगता येतात. परंतु कितीतरी जिल्ह्यांतील मुलांनी ‘जिऑलॉजी’ हा विषय पदवीला घेता येतो हेच ऐकलेले नसते, आणि मग यादीत विषयाचे नाव असूनही अर्ज करावयास उमेदवार मिळत नाही.

अवकाशाकडे ओढा असलेल्या मुलांसाठी तिरुअनंतपुरमजवळ वलियमला येथे २००७ मध्ये अवकाश विभागाने स्वतंत्र संस्था काढली. अवकाशविज्ञान आणि तंत्रज्ञान यांच्यासाठी वाहिलेली ही आशियातील पहिलीच संस्था मानली जाते. तेथे जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्तेवर प्रवेश मिळतो, आणि अभियांत्रिकीच्या जोडीने खगोलशास्त्र किंवा पृथ्वी-प्रणाली विज्ञान यांत पदव्युत्तर पदवीपर्यंत नेणारा संयुक्त अभ्यासक्रमही आहे. आरंभीच्या वर्षांत विद्यार्थ्यांचा शिक्षणाचा आणि निवासाचा खर्च अवकाश विभाग सोसत असे आणि त्याच्या मोबदल्यात इस्रोत ठराविक वर्षे नोकरी करण्याचा करारनामा लिहून घेत असे. सेवेच्या अटीवर शिक्षण देण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत पाठविले, तेव्हाही अशीच अट होती. पुढे या संस्थेने ती पद्धत बदलून शुल्क आकारण्यास सुरुवात केली. माझ्या मते, पहिली पद्धत गरिबाच्या मुलाला अधिक जवळची होती.

पदवीनंतर मार्ग रुंदावतो. भूविज्ञान किंवा भूभौतिकी यांच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या प्रतिष्ठानाकडून वर्षाला ४८,००० रुपयांच्या शिष्यवृत्त्या आर्थिक दृष्ट्या दुर्बल आणि मागास वर्गांतील विद्यार्थ्यांना दिल्या जातात. जमिनीखालचे तेल शोधणाऱ्या संस्थेला जमिनीखालचे वाचणारे डोळे लागतात, तेव्हा तिने या विद्येचा भार उचलावा हे योग्यच आहे. एम.टेक.ला जाणाऱ्याला ‘गेट’ परीक्षेत भूविज्ञान आणि भूभौतिकी यांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असून, उत्तीर्ण होऊन प्रवेश मिळाल्यावर दरमहा १२,४०० रुपयांची वृत्ती मिळते. संशोधनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यासाठी सीएसआयआर-यूजीसीची ‘नेट’ परीक्षा आहे. तिच्यातील मोजक्या पाच विषयांत पृथ्वी, वातावरण, सागर आणि ग्रह यांच्या विज्ञानांचा मिळून एक स्वतंत्र विषय आहे. खगोलभौतिकीच्या विद्यार्थ्याने मात्र भौतिक विज्ञानाची प्रश्नपत्रिका घ्यावयाची असते, आणि ही गोष्ट आधी न कळल्यामुळे वर्ष फुकट जाऊ नये म्हणून ती येथे नोंदवितो. या परीक्षेतून जो कनिष्ठ संशोधकवृत्तीला पात्र ठरतो, त्याला जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी वरिष्ठ वृत्ती मिळाल्यावर ४२,००० रुपये, त्याखेरीज घरभाडे, अशी व्यवस्था आहे. ही रक्कम ऐश्वर्य देणारी नाही, परंतु निश्चिंतपणे काम करता येईल इतकी आहे, आणि गावाकडे थोडे पाठविण्याची सोयही तीत होते. पंचवीस वर्षांची मुलगी ‘अजून शिकतेच आहेस का?’ या प्रश्नाला उत्तर देते तेव्हा तिच्या हाती दरमहा स्वतःचे पैसे असणे, याचे मोल केवळ रुपयांत होत नाही.

या वृत्तींवर काम करण्याची स्थळे महाराष्ट्र आणि गोवा यांच्या परिसरात जितकी दाट आहेत, तितकी देशात फार थोड्या ठिकाणी असतील. पुण्यात पाषाणला मोसमी वाऱ्यांचा अभ्यास करणारी उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि राष्ट्रीय रेडिओखगोलभौतिकी केंद्र, त्याच विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानांचा विभाग. नव्या पनवेलला भूचुंबकत्व संस्था, जिचे पूर्वसंचित कुलाब्याच्या त्या वेधशाळेत आहे, जेथून मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय उपकरणे १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोला ध्रुवप्रदेशांचे संशोधन करणारे केंद्र. यांपैकी काही संस्था पदवीच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत बोलावून प्रत्यक्ष कामाची ओळख करून देतात. एखादी मुलगी या शास्त्रात पुढे जावे की नाही अशा दुविधेत असेल, तर तिने आधी असा एक उन्हाळा घालवावा. कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग अधिक.

सामाजिक दृष्ट्या मागे ठेवल्या गेलेल्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या डॉक्टरेटसाठीच्या वृत्ती आहेत, आणि परदेशी विद्यापीठासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. या वृत्तींना विषयाचे बंधन फारसे नसूनही त्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठीच आहेत असा समज काही ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. धाराशिवचा किंवा गडचिरोलीचा विद्यार्थी भूजलावर किंवा ताऱ्यांवर प्रबंध लिहिण्यासाठी या वृत्तीला तितकाच हक्कदार आहे. अर्ज करताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, यांची जमवाजमव मुदतीच्या कितीतरी आधी केलेली बरी. तहसील कचेरीतून दाखला हाती येईपर्यंत मुदत संपून गेल्यामुळे किती गुणी मुले मागे राहिली असतील, याचा विचार केला की मन विषण्ण होते.

परंतु मंजूर झालेल्या वृत्तीची रक्कम वेळेवर हाती न पडणे हा दोष मला अर्ज नाकारला जाण्याहूनही अधिक घातक वाटतो. निवड होते, अभिनंदनाचे पत्र येते, आणि पुढे महिनोन्महिने खात्यात काही जमा होत नाही. संशोधक विद्यार्थ्यांनी यासाठी देशात वारंवार आवाज उठविला आहे. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा विलंब सर्वांत जाचक होतो, कारण त्याची प्रयोगशाळा डोंगरात आणि नदीपात्रात असते. पाऊस सरल्यापासून कडक उन्हाळा लागेपर्यंतचे दिवसच त्याच्या क्षेत्रकामाचे. त्या दिवसांत गाडीभाडे, मुक्कामाचा खर्च आणि नमुने तपासण्याची फी हाती नसेल, तर रक्कम मार्चअखेर एकदम जमा होऊनही उपयोग शून्य, कारण तो हंगाम निघून गेलेला असतो आणि त्याच्याबरोबर संशोधनाचे एक वर्षही. पेरणी संपल्यावर मिळालेल्या बियाण्यासारखी ही मदत आहे. शिवाय आपल्या बहुतेक वृत्तींच्या हिशेबात निवास आणि भोजन धरलेले असते, क्षेत्रकाम धरलेले नसते. आणि एकट्या मुलीला आडरानातील गावात सुरक्षित मुक्काम मिळवून देण्याचा खर्च तर कोणत्याच कोष्टकात दिसत नाही. तो स्वतंत्र बाब म्हणून धरला गेला पाहिजे.

आणि महाराष्ट्राला या अभ्यासकांची निकड नाही असे कोण म्हणेल? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, तेव्हापासून धरणाच्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे नाव जगभर घेतले जाते. आज कोयना परिसरात भूगर्भात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन तेथील खडकांचा अभ्यास चालू आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर निजलेले किल्लारी आणि तिच्या आसपासची गावे पहाटे मातीत मिळाली, ती जमीन भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित समजली जात होती. २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. दर उन्हाळ्यात मराठवाड्याच्या विहिरी तळ गाठतात, आणि सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांत पाणी नेमके कोठे मुरते, कोठे अडते, हे सांगू शकणारी माणसे तालुक्यागणिक असावीत अशी परिस्थिती असताना ती जिल्ह्यागणिकही पुरेशी मिळत नाहीत. बुलढाण्यातील लोणारचे विवर काळ्या बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेले, जगात अतिशय विरळा असे आहे, आणि चंद्रावरील व मंगळावरील विवरे समजून घेण्यासाठी परदेशी शास्त्रज्ञ ते पाहावयास येतात.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की, राज्याने किंवा एखाद्या विद्यापीठाने, मॅक्लीनने केंब्रिजला घालून दिलेल्या धर्तीवर, विषय नेमका सांगून आणि व्यक्तीची निवड अध्यापकांवर सोपवून, काही विद्यार्थिवृत्ती कायमच्या निर्माण कराव्यात: कोयना खोऱ्यातील भूकंपांसाठी, सह्याद्रीतील दरडींसाठी, दख्खनच्या बेसाल्टमधील भूजलासाठी आणि लोणारसाठी. मूळ निधी अर्थसंकल्पाच्या दरवर्षीच्या मंजुरीवर अवलंबून न ठेवता स्वतंत्र ठेवीत असावा. क्षेत्रकामाची रक्कम दसऱ्यापूर्वी विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावी. आणि ज्या तालुक्यात हे संशोधन व्हावयाचे, तेथील एका कनिष्ठ महाविद्यालयातील दोन मुलांना त्या संशोधकाबरोबर सुटीत काम करण्याचा भत्ता त्याच निधीतून मिळावा, म्हणजे कोयनेच्या किंवा लोणारच्या पुढच्या अर्जदाराचा पत्ता पाटणचा किंवा मेहकरचा असेल.